दामू मुकादमाच्या सह्या

दामू गायकवाड गाठ उचलण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचा. कापडाची गाठ म्हणजे शंभर किलोच्या पुढेच. पट्टी कुठे सैल आहे, वजन कुठल्या कोपऱ्यात बसलंय, हे तो पायाने ढकलून बघायचा. मग वाकायचा. गुडघे आधी, पाठ नंतर. नव्या माणसाला तो पहिले पंधरा दिवस गाठीला हात लावू देत नसे, नुसतं बघायला उभं करायचा. मी त्याच्या हाताखाली चोवीस वर्षं हमाली केली. एवढ्या काळात आमच्या टोळीत कुणाची कंबर गेली नाही. अंजूरच्या गोदामांत असं सांगू शकेल अशी दुसरी टोळी मला माहीत नाही.

आम्ही बारा जण. दामू मुकादम, बाकी अकरा. मी अनंता. दामू कामतघरला चाळीत राहायचा, बायको शांताबाई आणि मुलगी निशा यांच्याबरोबर. निशा शाळेत शिकवते.

टोळीत दोन रीती होत्या, त्या आधी सांगतो.

पहिली उचल देण्याची. दोघे दोन बाजूंनी गाठ उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. गाठ कलली किंवा पाय सरकला, तर खालच्याने एकच शब्द ओरडायचा, "सोडा." तो ऐकला की दोघांनी तिथल्या तिथे हात काढायचे. एकाने जरी धरून ठेवलं तरी खालच्याला निसटता येत नाही, तो मोडतो. हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण हात आपोआप धरून ठेवतो.

दुसरी रीत सह्यांची. हजेरीपटावर रोज बारा सह्या लागायच्या. आमचे हात घामाने आणि कापडाच्या धुळीने भरलेले. कागदाला डाग पडायचा आणि कारकून ओरडायचा. म्हणून सगळ्यांच्या सह्या दामूच करायचा. हात एक, सह्या बारा, आणि प्रत्येक वेगळी. माझ्या 'अ'ची शेपूट तो खाली ओढायचा. तुळशीरामला लिहिता येत नव्हतं. त्याचा अंगठा लागायला हवा होता. पण दामू त्याचीही सही करायचा, सगळ्यांत देखणी, एका झटक्यात, खाली दोन टिंबं. म्हणायचा, "एवढं वजन उचलतो माणूस, त्याला अंगठा कशाला?" यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कारकुनालाही नाही.

आमचं काम केसरीनाथशेठच्या शब्दावर टिकून होतं. शेठ सत्तेतल्या पक्षाचे तालुकाप्रमुख, बावीस वर्षं. आम्हा बाराही जणांना त्यांनीच पक्षाचे सभासद केलं होतं. आमचं गोदाम एका नव्या कंपनीने घेतलं, तेव्हा तिला यंत्रं आणायची होती आणि ठेकेदाराची माणसं. शेठ गेटवर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "टोळी राहील." कंपनी गप्प बसली.

मग एका हळदीत जेवताना शेठना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ दिवसांत गोदामाच्या गेटवर कागद लागला. दिवाळीपासून माल यंत्राने उतरवला जाईल.

आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीतले. पाठ एवढंच भांडवल, आणि तेही वापरलेलं. दुसऱ्या गोदामात आम्हाला कोण घेणार? दामूने कागद वाचला, घडी घातली आणि परत चिकटवला.

शेठच्या खुर्चीला दोघे उभे राहिले. पुतण्या मनोज आणि मुलगी मृणाली. शेठची गाडी, फोन, माणसं सगळं दहा वर्षं मनोज सांभाळत होता. मृणालीताई जिल्हा परिषदेत होत्या आणि शेठचं रक्त होत्या. मुंबईहून पक्षाने कळवलं, ज्याच्या मागे जास्त सभासद तो प्रमुख. तोंडी नको, स्टॅम्पपेपरवर द्या. प्रत्येक सभासदाने नोटरीसमोर लिहून द्यायचं, माझी निष्ठा अमक्याशी आहे. मुदत दहा दिवस. मग दोघांची माणसं घराघरांत फिरली. हळद, बारसं, दहावं, कुठेही जा, कुणीतरी स्टॅम्पपेपर घेऊन उभा.

नवव्या दिवशी मनोज आमच्या गोदामात आला. बरोबर सागर, त्याचा उजवा हात.

"काय मुकादम, काय चाललंय?"

"गाठी चालल्यात, दादा. बाजूला व्हा, फळीवर उभे आहात तुम्ही."

मनोज बाजूला झाला. सागर हसला. "क्या बात है, दादांना हटवणारा एकच माणूस तालुक्यात."

"तुमचे बारा कागद आले नाहीत अजून," मनोज म्हणाला. "ताईकडे दिलेत काय?"

"कुणालाच नाही. वेळ कुठाय?"

"वेळ काढा. काकांचा शब्द पुढे कोण चालवणार, तेच ठरतंय ना? त्या खुर्चीत मी बसलो तर टोळी राहील. आक्काची शपथ." आक्का म्हणजे त्याची आई. तिची शपथ तो उगाच घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

दामू आमच्याकडे वळला. "काय रे?"

तुळशीराम पडघ्याकडचा. म्हणाला, "शेठ पडला तं शेठचा पुतन्या. कोनीतरी बोलनारा हाय ना आपल्यासाठी. देऊन टाक."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मृणालीताईंचं कुणी आमच्याकडे फिरकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत कागद द्यायचे होते. त्याच दिवशी दोन कंटेनर लागले, चारशे बारा गाठी. कंपनीचा मॅनेजर घड्याळ बघत दारात उभा. टोळी काम टाकून नोटरीकडे गेली असती तर त्याला हवं ते आयतं मिळालं असतं. दामूने जेवणाची सुट्टी घेतली नाही. थप्पीवर बसला, बारा कागद मांडीवर घेतले आणि सह्या केल्या. अकरा मिनिटं लागली. आम्ही उचलत होतो.

सागर कागद न्यायला आला. "माणसं कुठायत? नोटरीसमोर यायला लागेल."

"माणसं गाठी उतरवतायत."

सागरने कंटेनरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि कागद घेऊन गेला. कल्याण नाक्यावरच्या मनोजच्या ऑफिसात बसलेल्या नोटरी वकिलाने गठ्ठ्यावर शिक्के मारले. आमच्या लेखी ती हजेरीच होती, जरा महाग कागदावरची.

तपासणी पडघ्याच्या रस्त्यावर एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. कागदांचे खोके न्यायला मनोजने आमचीच टोळी बोलावली. एकतीस खोके, एकही वीस किलोच्या वर नाही. फोटोवाले आले तेव्हा मनोजने एक खोका स्वतः उचलला. गुडघे ताठ, सगळा भार कंबरेवर. दामू हळूच म्हणाला, "अशाने जाईल एक दिवस."

मुंबईचे दोन निरीक्षक टेबलाशी बसले. मोजणीत मनोज चौतीस कागदांनी पुढे निघाला. मृणालीताईंनी हरकत घेतली आणि स्वतः खोके उघडून बघायला लागल्या. आमचा गठ्ठा त्यांच्या हाताला लागला. तुळशीराम भिंतीशी उभा होता.

"तुळशीरामकाका, तुम्ही इकडे?"

"हाय, ताई. खोके आनले."

"हा कागद तुमचा?"

"माझाच."

"आणि सही?"

तुळशीरामने दामूकडे बघितलं. "माझीच हाय."

"काका, तुम्ही आमच्या शेतावर भात झोडायला यायचात. बाबा तुमचा अंगठा घ्यायचे, मी शेजारी बसलेली असायची. शाई पुसायला चिंधी मीच द्यायची." त्यांनी पेन पुढे केलं. "शिकलात कधी? करा बघू."

तुळशीरामने पेन घेतलं. गाठीत आकडा खुपसताना धरतात तसं मुठीत धरलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि हात पँटला पुसले.

मग ताईंच्या वकिलाने बाराही कागद ओळीने मांडले. शाई एक, दाब एक, तिरकेपणा एक. निरीक्षकांनी चष्मे काढले. वकील तिथूनच पोलिसांत तक्रार द्यायला गेला.

बारा कागद वजा केले तरी मनोज पुढेच होता. पण आता सगळ्याच खोक्यांवर संशय आला. दोन दिवस बैठका झाल्या, मुंबईला गाड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मिटलं. तालुका मनोजला, जिल्ह्याचं मोठं पद ताईंना.

त्याच हॉलमध्ये सत्कार झाला. शेठना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. मनोज त्यांच्या पायाशी वाकला. सागरने शेठचा उजवा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. लोक ओरडले, फटाके लागले. मला दिसला तो हात. लुळा हात जड असतो. त्याला कोपराखाली आधार द्यायचा असतो. सागरने तो मनगटाला धरून उचलला होता. शेठच्या तोंडातून आवाज आला, आशीर्वादाचा की दुखल्याचा, कळलं नाही. ताईंनी टाळ्या वाजवल्या. अशी ती खुर्ची मनोजकडे गेली.

ताईंनी पक्षातली हरकत मागे घेतली. पोलिसांतली तक्रार मात्र तशीच राहिली. ती आता कुणालाच नको होती, पण कागदावर होती. त्याचं काहीतरी करायला हवं होतं.

सागर गोदामात आला. दामू त्या दिवशी वकील शोधायला गेला होता.

"मनोजसाहेब बोलले, टोळी राहील. शब्द म्हणजे शब्द. कंपनीशी बोलणं झालंय," तो म्हणाला. "फक्त एक करायचं. पोलिसांत जबाब द्यायचा, सही माझी नाही. खोटं थोडंच बोलायचंय? नाहीच ना तुमची?"

"आणि मुकादम?" मी विचारलं.

"मुकादमाने परस्पर केल्या. आम्हाला पण माहीत नव्हतं."

"तूच नेलेस ना कागद त्याच्या हातातून?"

सागरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अनंताभाऊ, दोन वर्षं राहिली ना तुमची? केस बारा जणांवर होईल, नाहीतर एकावर. बारांवर झाली तर टोळी कुठली? बघा तुम्हीच."

संध्याकाळी शांताबाई गेटवर आली. तिला आम्ही चोवीस वर्षांत कधी गेटवर बघितलं नव्हतं. पदर खोचलेला, चप्पल तुटलेली. कामतघरपासून चालत आली होती.

"सगळ्यांनी एकच सांगा," ती म्हणाली. "आम्हीच त्याला सांगितलं होतं सह्या करायला. रोज सांगतो तसं. हे तरी खरं आहे की नाही, अनंताभाऊ?"

"आहे."

"मग बोला ना तसं. बारा जणांना काय फाशी देणार आहेत?"

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. आमच्यातल्या दोघांच्या मुलींची लग्नं ठरली होती. एकाची बायको डायलिसिसवर. ती हे सगळं जाणून होती, म्हणून तिने परत विचारलं नाही. जाताना तुळशीराम तिच्या मागे गेला.

तुळशीरामने ठरवलं होतं, आपण लिहायला शिकायचं. सही माझीच म्हणायचं आणि करून दाखवायचं. निदान एक तरी कागद दामूच्या अंगावरून उतरेल. जबाबाला चार दिवस होते. निशा त्याला दामूच्या घरी शिकवायची, आणि गोदामात तो गाठींवर खडूने गिरवायचा. तुळशीराम, तुळशीराम, तुळशीराम. त्याची बोटं गाठीच्या पट्ट्यांनी वाकडी झालेली, खडू मोडायचा. चारशे किलोची पेटी हलवताना जे तोंड करायचा, तेच तोंड करून लिहायचा. मॅनेजरने विचारलं, गाठींवर हे काय? मी म्हटलं, मोजणीची खूण आहे.

दामूने ते बघितलं तेव्हा म्हणाला, "मनगट मोकळं ठेव." एवढंच.

जबाबाच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दामूलाही बोलावलं होतं. तो टोकाला, भिंतीशी. तुळशीराम पहिला आत गेला. दार उघडंच होतं, दिसत होतं.

"सही माझी हाय, साहेब."

हवालदाराने कोरा कागद पुढे केला. तुळशीराम खुर्चीत पुढे सरकला, जीभ दाताखाली धरली आणि लिहायला लागला. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो. दीड मिनिट. अक्षरं सगळी बरोबर. खाली दोन टिंबंही दिली.

हवालदाराने कागद स्टॅम्पपेपरशेजारी ठेवला. तो हसला नाही, तेच वाईट झालं. "काका, ती सही एका दमात केलेली आहे. हे तुम्ही काढलंय. परत सांगा, सही कुणाची? खोटं लिहून दिलंत तर तुम्हीही त्याच्याबरोबर."

तुळशीराम बाहेर आला. दामूच्या समोर जमिनीवर बसला. "मुकादम, जमली न्हाय."

दामू उठून उभा राहिला. त्याने आमच्याकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाठ उचलायच्या आधी बघायचा तसं. मग म्हणाला, "सोडा."

कुणी हललं नाही.

"ऐकू येत नाही? सोडा म्हटलं."

आम्ही एकेक करून आत गेलो. सही माझी नाही. अकरा वेळा. माझा नंबर तिसरा होता. मी माझी सही करून दाखवली, माझी स्वतःची, 'अ'ला शेपूट नसलेली. एक मिनिटही लागलं नाही. तुळशीराम शेवटी गेला आणि अंगठा देऊन आला.

दामूला त्याच संध्याकाळी आत घेतलं. दोन दिवसांनी जामीन झाला. त्याचा हमालीचा बिल्ला गेला, काम गेलं. केस सुरू राहिली.

टोळी राहिली. यंत्र आलं नाही. दिवाळीत मनोजदादा मिठाईचे पुडे घेऊन आले. "शब्द पाळला की नाही?" असं त्यांनी विचारलं, आणि आम्ही पुडे घेतले. मुकादम मला केलं. मी दोन वर्षं मुकादमी केली. त्या दोन वर्षांत दोघांच्या कंबरा गेल्या.

या वर्षी मी सुटलो. निवृत्तीचे कागद भरले, सही केली. फॉर्म परत आला. सही जुन्या नोंदींशी जुळत नाही. परत केली, परत आला. हमाल बोर्डाच्या ऑफिसातल्या बाईंनी जुना हजेरीपट दाखवला. चोवीस वर्षांच्या माझ्या सह्या, सगळ्यांच्या 'अ'ला शेपूट.

"अशी करा," बाई म्हणाल्या. "तुमचीच आहे ना?"

मी हो म्हटलं. त्या पटाची झेरॉक्स घेतली आणि कामतघरला गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. चाळीच्या तोंडावर मनोजदादांच्या वाढदिवसाचा फलक होता. शांताबाईने दार अर्धंच उघडलं. मी काय काम आहे ते सांगितलं.

"सही तुमची नव्हती ना, अनंताभाऊ? मग आता कशी झाली?"

"येऊ दे त्याला," आतून दामूचा आवाज आला.

तो खाली बसला होता. बारीक झाला होता. आता निशाच्या पगारावर घर चालत होतं. मी झेरॉक्स पुढे ठेवली. त्याने पेनाला हात लावला नाही. "मी करणार नाही. केस चालू आहे. तू कर, मी बघतो."

मी केली.

"नाही. शेपूट मागाहून जोडतोयस. एका दमात यायला पाहिजे. परत."

मी तीन दिवस जात राहिलो. रोज दीड-दोनशे वेळा. तो चूक दाखवायचा, दुसरं काही बोलायचा नाही. शांताबाईने एकदाही चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझा कागद झेरॉक्सवर ठेवून उजेडात धरला. "आली," म्हणाला. "फॉर्म भरेपर्यंत रोज करत जा. नाहीतर जाईल."

मी चपला घातल्या. मग विचारलं, "तुझी तारीख कधी आहे?"

"अठराला."

"येऊ?"

दामू कागद गोळा करत होता. शांताबाई दाराशी येऊन उभी राहिली. "यायचं तर जबाब बदलायला या. चोवीस वर्षं तोच करायचा आणि तुम्हीच सांगायचात, एवढं बोला. नुसतं बाकावर बसायला येऊ नका."

तसं बोललो असतो तर माझी जुनी सही दामूच्या हातची हे कोर्टात लिहिलं गेलं असतं. मग फॉर्मवरची सही कुणाची, हा प्रश्न आला असता. मी हे तिला सांगितलं नाही. तिला कळलेलं होतं.

अठराला माझा फॉर्म टेबलावर होता. मी ऑफिसात गेलो. बाईंनी दोन्ही सह्या बघितल्या आणि शिक्का मारला.

कोर्टात तुळशीराम गेला होता. त्या दिवशी सरकारी वकील आला नाही, पुढची तारीख पडली. बावीस नोव्हेंबर. तुळशीराम म्हणतो, तो जबाब बदलणार, काय व्हायचं ते होऊ दे. त्याने मला हे सांगितलं, पण येतोस का असं विचारलं नाही.